तलवार पेलत नाही, पण शोभते

व्हिडिओ गेममधला मला सर्वांत आवडणारा भाग गेम सुरू होण्याआधी येतो. अंधाऱ्या पडद्यावर एक पात्र उभं असतं. आपण बटण दाबत जायचं. त्याचे कपडे बदलतात, हातातलं हत्यार बदलतं, कधी चिलखत, कधी झगा, कधी नुसती लंगोटी. इथे कोणी अंगावर येत नाही, घड्याळ चालू नसतं आणि आपल्या हातून अजून काहीच बिघडलेलं नसतं. ‘एल्डन रिंग’ या गेममध्ये असे दहा क्लास आहेत. त्या दहांसमोर मी एक आख्खा रविवार काढला. संध्याकाळी भाचा बाहेरून आला आणि म्हणाला, “मामा, कुठवर पोचलास?”

“कपडे बघतोय अजून,” मी म्हणालो.

भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडे राहतो. प्लेस्टेशन त्याचं, टीव्ही माझा, विजेचं बिलही माझं. त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतरचा वेळ माझा, असा तोंडी करार आहे. बायकोचं म्हणणं, पंचेचाळिशीत लोक साखर तपासून घेतात, किल्ले चढतात, गेला बाजार एखादी सायकल तरी घेतात. आमच्या घरात मात्र राक्षस. तिचं चुकत नाही. पण सायकलच्या दुकानातही मी रंग बघूनच सायकल घेतली असती, हे तिला माहीत नसावं.

मी विम्याच्या क्लेम खात्यात काम करतो. पॉलिसी घेताना माणसं काय काय वाचत नाहीत, हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. वेटिंग पिरियड, खोलीभाड्याची मर्यादा, आधीपासूनचे आजार, सगळं छापलेलं असतं आणि सगळ्याखाली न वाचता सही झालेली असते. मग ती माणसं माझ्यासमोर येऊन बसतात आणि मी आवाज न चढवता त्यांना कलम दाखवतो. एल्डन रिंगच्या त्या पहिल्या पडद्यावरही प्रत्येक पात्राच्या बाजूला आठ आकडे छापलेले असतात. व्हिगर म्हणजे किती मार खाऊन उभं राहता येईल, एन्ड्युरन्स म्हणजे किती ओझं वाहता येईल, स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, इंटेलिजन्स वगैरे. मी त्यातला एकही आकडा वाचला नाही. मी ॲस्ट्रॉलॉजर घेतला. झगा चांगला होता.

आकड्यांची ही भानगड व्हिडिओ गेमच्याही आधीची, कागद-पेन्सिलची आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी टेबलाभोवती बसून खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात क्लास तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. अटी कडक होत्या. मांत्रिकाला चिलखत नाही आणि खंजिराच्या पलीकडे हत्यार नाही. धर्मगुरूला धारेचं हत्यार वर्ज्य, पण गदेने टाळकं फोडायला हरकत नव्हती. हे कलम वाचल्यावर मला वाटलं, हा माणूस आपल्यातला असणार. निघाला! हा खेळ काढण्याच्या आधी गायगॅक्स शिकागोत एका विमा कंपनीत अंडररायटर होता. कोणाला किती जोखीम झेपेल हे तक्त्यात बसवायचं काम तो पगार घेऊन करत होता. आज जगभरची पोरं ज्या लेव्हल आणि हेल्थच्या आकड्यांवरून रात्र-रात्र भांडतात, त्यांचा मूळपुरुष आमच्या धंद्यातला आहे, हे मी ऑफिसात सांगून पाहिलं. कोणी चहाचा कप खाली ठेवला नाही.

तर माझा ॲस्ट्रॉलॉजर. त्याच्याकडे एक काठी असते, काठीतून निळे खडे सुटतात, ते लांबूनच शत्रूला लागतात. भाच्याच्या मते नवशिक्यासाठी याहून सोपा क्लास नाही: लांब राहायचं, खडे मारायचे, जवळ कोणी येऊ द्यायचं नाही. हे “जवळ येऊ द्यायचं नाही” ऐकायला फार बरं वाटतं. प्रत्यक्षात येणारा विचारून येत नाही. गेमची सुरुवातच एका खूप हातांच्या प्राण्याने होते आणि तो आपल्याला मारणार हे गेम बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. मेल्याशिवाय बहुतेकांची गोष्ट पुढे सरकत नाही. तिथे मी अगदी पद्धतशीर मेलो. पुढे दार उघडून मोकळ्या माळावर आलो तर समोर सोन्याच्या चिलखतातला एक घोडेस्वार रमतगमत फिरत होता. ट्री सेंटिनल त्याचं नाव. तो तिथे ठेवलाय तो खेळाडूला वळसा घालून जायची अक्कल यावी म्हणून. मी असा विचार केला की ज्याअर्थी तो दारातच आहे, त्याअर्थी तो सगळ्यांत सोपा असणार.

एल्डन रिंगमध्ये मेलं की आपल्याजवळचे रून्स, म्हणजे तिथली कमाई, मेल्या जागी पडून राहते. परत जाऊन ती उचलायची. उचलायच्या आत पुन्हा मेलात तर संपलं. नॉमिनी नाही, वारस नाही, अपील नाही. मी त्या घोडेस्वाराच्या पायाशी ठेवलेली कमाई आणायला जायचो आणि नवी कमाई तिथेच ठेवून यायचो. किती वेळा, ते इथे लिहीत नाही. भाच्याने त्याचा व्हिडिओ करून ठेवलाय.

अशा वेळी शहाण्या माणसाने व्हिगर वाढवावं. आठांतला तो पहिला आकडा, ज्यावर बाकीचे सात उभे असतात. पण व्हिगर वाढवून दिसण्यात काही फरक पडत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत मला ग्रेटस्वर्ड दिसली.

ही तलवार म्हणजे लोखंडाची एक फळी आहे, खेळाडूच्या उंचीएवढी आणि त्याच्यापेक्षा जाड. केंतारो मिउरा या जपानी चित्रकाराची ‘बर्सर्क’ नावाची मांगा मालिका आहे, तिचा नायक गट्स अशीच एक अवाढव्य तलवार खांद्यावर टाकून फिरतो. मिउरा मे २०२१ मध्ये गेले, एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. त्या तलवारीत चाहत्यांना मिउरांना केलेला मुजरा दिसतो. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की भाचा ती तलवार डोक्यावरून फिरवतो आणि समोरचा उताणा पडतो.

ती मिळते केलिड नावाच्या सडक्या लाल मुलखात, एका गाडीच्या मागच्या पेटीत. नवख्याने जाऊ नये असा तो मुलूख आहे. मी घोड्यावर बसून, मागे कुत्र्यांची रांग घेऊन गेलो, पेटी उघडली, तलवार घेतली आणि मेलो. पण हत्यार एकदा मिळालं की मेल्यावरही आपल्याकडेच राहतं. घरी, म्हणजे गेममधल्या विसाव्याच्या जागी येऊन मी ती पात्राच्या हातात दिली आणि चित्रावर लाल फुली उमटली.

स्ट्रेंग्थ ३१, डेक्स्टेरिटी १२. वजन २३. माझ्या मांत्रिकाची स्ट्रेंग्थ होती ८.

गेम “नाही” म्हणत नाही. दुकानदारही निदान “साहेब, हे तुम्हाला होणार नाही” म्हणतो. गेम तलवार हातात देतो, उचलू देतो, फिरवूही देतो. फक्त लागते ती न लागल्यातच जमा. दोन्ही हातांनी धरली तर स्ट्रेंग्थ दीडपट धरतात, हा नियम भाच्याने सांगितला तेव्हा मी खिशातलं पेन काढलं. आठाचे दीडपट बारा. एकोणीस कमी. इतकी तूट असलेला अर्ज मी ऑफिसात दुसऱ्यांदा वाचला नसता. इथे मात्र मी तो मंजूर केला. त्यानंतरचे सगळे रून्स स्ट्रेंग्थवर.

वजनाचं कलम त्याहून वाईट. एल्डन रिंगमध्ये जगायचं तर रोल मारता आला पाहिजे. वार आला की कोलांटी घेऊन बाजूला. अंगावरचं ओझं क्षमतेच्या तीस टक्क्यांच्या आत असेल तर रोल चपळ, सत्तरपर्यंत बरा. सत्तरच्या वर गेलं की माणूस ट्रकवरून टाकलेल्या पोत्यासारखा पडतो, आणि उठेपर्यंत पुढचा वार आलेला असतो. या प्रकाराला खेळणारे ‘फॅट रोल’ म्हणतात. मी फॅट रोल मारत होतो. अंगावर मांत्रिकाचा झगा, पाठीवर काठी, हातात न पेलणारी तलवार. डोक्यात इंटेलिजन्स भरपूर, आणि ते वापरायला हात मोकळा नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेजारच्यांचा मुलगा काही मागायला आला होता, तो दोन मिनिटं दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काका, हा बॉस आहे का?”

“नाही रे, हा मामा आहे,” भाचा म्हणाला.

दुखणं नवं नाही. कॉलेजात असताना आम्ही नाशिकच्या एका सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायचो. त्यात प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला बंदूक विकत घ्यायची असते. पहिल्या फेरीला हातात ८०० डॉलर. शहाणी पोरं थोडे पैसे साठले की एके-४७ घ्यायची, २५०० ला. मला हवी असायची एडब्ल्यूपी, जिला सगळे ‘ऑप’ म्हणायचे. लांब नळी, वर दुर्बीण, छातीत एक गोळी बसली की माणूस खलास. किंमत ४७५०. ती घ्यायची म्हणून मी फेऱ्यामागून फेऱ्या नुसत्या पिस्तुलावर काढायचो आणि माझ्या बाजूचे चौघे माझ्या वाटचं लढायचे. मग एकदाची ऑप यायची. ती हातात असली की माणूस हळू चालतो, आणि दुर्बीण न लावता झाडली तर गोळी कुठे जाईल ते देव जाणे. मी ‘डस्ट टू’ नकाशातल्या लांब बोळाच्या तोंडाशी दुर्बिणीला डोळा लावून बसायचो. दुर्बिणीतून बोळाचं दुसरं टोक फार सुंदर दिसायचं. मागून येणारा त्यातून दिसत नाही.

मी मेलो की ऑप जमिनीवर पडायची. ज्याने मारलं तो ती उचलायचा आणि तिच्याच गोळ्यांनी माझे चौघे एकेक करून संपवायचा. आम्ही चौघे काटकसर करून शत्रूला शस्त्रं पुरवतोय, असा हिशोब एका मित्राने मांडला आणि कॅफेत माझं नाव ‘पुरवठा खातं’ पडलं. समोरची पोरं फेरी सुरू होताना ओरडून विचारायची, “पुरवठा, आज काय आहे?” तो कॅफे केव्हाच बंद झाला. त्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अजूनही पुरवठाच आहे.

एकच हत्यार मी आयुष्यात बरोबर निवडलं. लॉकडाऊनमध्ये घरोघरी ‘पबजी’ चालायचं, आम्हीही खेळायचो. भाचा तेव्हा शाळेत होता. त्या गेममध्ये एक तवा मिळतो, लांब दांड्याचा. पबजीतला तवा गोळी अडवतो. कमरेला मागे लटकवला तरी अडवतो. मी घराघरांत शिरून इतरांनी टाकून दिलेले तवे हुडकायचो. उत्तम बंदुका सोडून मी तव्यामागे का लागतो हे बाकीच्या तिघांना कळायचं नाही, पण मी पळत असताना मागून टणाटण आवाज यायचा आणि मी जिवंत असायचो. माझं योग्य हत्यार स्वयंपाकघरातलं निघावं आणि तेही पाठ दाखवून पळतानाच उपयोगी पडावं, यावर बायको बराच वेळ हसली. मग म्हणाली, “घरातला तवा कधी उचललेला पाहिला नाही तो.” सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्या गेमवर बंदी घातली. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होता, मी काही बोललो नाही. पण माझी कारकीर्द तेव्हा कुठे उभारी धरत होती.

पुन्हा एल्डन रिंगकडे. तिथे दुसरा जन्म मिळायची सोय आहे. रेनाला नावाची एक राणी आहे, तिला हरवलं आणि तिला ‘लार्व्हल टिअर’ नावाची एक दुर्मीळ वस्तू दिली, की सगळे आकडे पुन्हा नव्याने वाटून घेता येतात. रेनालाला भाच्याने हरवलं. मी त्या वेळी चष्मा पुसत होतो. या वेळी मात्र मी धंद्याला जागलो. एक्सेलची फाइल केली. प्रत्येक तलवारीचं वजन, तिच्या अटी, कोणत्या आकड्यामागे नुकसान किती वाढतं, सगळं रकान्यांत. गेममध्ये तीनशेच्या वर हत्यारं आहेत. दोन आठवडे मी गेम लावलाच नाही, फक्त फाइल भरत होतो. भाच्याला वाटलं मामा सुधारला.

फाइल पूर्ण झाली, पुनर्जन्मासाठी रेनालासमोर उभा राहिलो आणि तेव्हा कळलं की ज्या क्लासपासून सुरुवात केली, त्याच्या मूळ आकड्यांच्या खाली काहीही उतरवता येत नाही. ॲस्ट्रॉलॉजरचं इंटेलिजन्स १६ आणि माइंड १५ हे कितीही जन्म घेतले तरी अंगावरच राहणार. तलवारीच्या माणसाला त्यांचा शून्य उपयोग. आधीपासूनचा आजार! हे कलम मी किती लोकांना दाखवलं असेल. मला दाखवायला रेनाला भेटली.

तरीही उरलेले आकडे मोडून मी ग्रेटस्वर्ड पेलण्याइतका झालो आणि मार्गिटसमोर गेलो. मार्गिट हा स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरचा पहिला मोठा बॉस. रेनालाकडे आम्ही किल्ल्याच्या कडेकडेने चोरवाटेने गेलो होतो, त्यामुळे तो अजून बाकी होता. मार्गिटची खोड अशी की तो काठी उगारतो आणि थांबतो. आपण घाबरून रोल मारतो. आपला रोल संपला की तो काठी खाली आणतो. माणसाच्या घाईचा इतका नीट अभ्यास मी फक्त वसुलीच्या लोकांत पाहिलाय.

या गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी आधी ओरॅकल कंपनीत नोकरीला होते आणि ती सोडून २००४ मध्ये गेमच्या धंद्यात आले. त्यांनी २०२२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की आपण स्वतः काही फार तरबेज खेळाडू नाही, बरंच मरतो. हे वाचून मला धीर आला होता. मार्गिटसमोर तो टिकला नाही.

मग मी इंटरनेटवरच्या एका महापुरुषाच्या नादी लागलो. एल्डन रिंगमध्ये मलेनिया नावाची बॉस आहे, सगळ्यांत अवघड मानली जाणारी. २०२२ मध्ये एक खेळाडू अनोळखी लोकांच्या मदतीला जाऊन तिला एकट्याने मारायचा. त्याचं टोपणनाव ‘लेट मी सोलो हर’. अंगावर चिलखत नाही, कपडे नाहीत. डोक्यावर एक रांजण आणि हातात दोन कटाना. त्याची कीर्ती इतकी झाली की गेमच्या प्रकाशकांनी त्याला खरी तलवार भेट पाठवली. यावरून कोणीही असा निष्कर्ष काढला असता की सरावाला पर्याय नाही. मी असा काढला की कपडे नकोत. अंगावरचं सगळं उतरवलं. वजन सत्तरच्या खाली आलं, रोल सुधारला, आणि रात्री साडेअकराला मी टीव्हीवर लंगोटीत, हातात लोखंडी फळी घेऊन मार्गिटसमोर उभा राहिलो. त्याने काठी उगारली. थांबला. मीही थांबलो, रोल मारला नाही, शिकलो होतो. मग त्याने दुसऱ्या हातातला सोनेरी सुरा फेकला.

“मामा, व्हिगर किती आहे रे तुझं?” भाच्याने विचारलं.

नऊ. पहिल्या दिवशी होतं तेवढंच.

भाचा सध्या ‘रेच’ घेऊन खेळतो. लेव्हल एक, सगळे आकडे दहा, हातात एक लाकडी सोटा, अंगावर चिंधी. दिसायला अगदी गबाळा. मार्गिट त्याने परवा सोट्याने मारला, मोबाइलवर बोलत. मी आता नवं पात्र करायचं ठरवलंय. सामुराई. त्याच्यासोबत कटाना आणि धनुष्य दोन्ही मिळतं, आकडे समंजस आहेत, जाणकार त्याचीच शिफारस करतात. आणि शिरस्त्राणही, पाहिलंत तर, काय शोभतं!

वाचकांपैकी कोणी हा गेम खेळत असेल तर एक विनंती. स्टॉर्मव्हेलच्या दाराशी, मदतीला येऊ इच्छिणाऱ्यांच्या सोनेरी खुणांमध्ये ‘क्लेममंजूर’ नावाची खूण दिसली तर कृपया बोलावू नका. सोबती घेतला की मार्गिटची हेल्थ वाढते, आणि त्या वाढीची भरपाई माझ्याकडून मिळणार नाही.